पोस्टमन बय्यूमीचा जड पाय

इजिप्तमधल्या मीत शराफ गावच्या पोस्टात बय्यूमी चिकटला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. सैन्यातून नुकताच सुटून आला होता, आणि कालव्यापलीकडच्या चार वाड्यांवर टपाल पोचवायला सायकल हाणू शकेल असा धडधाकट माणूस पोस्टाला हवाच होता. खाकी विजार, खाकी सदरा, खांद्याला चामड्याची पिशवी. गावातले बाकीचे पुरुष पायघोळ गलाबिया घालणारे; त्यामुळे भातखाचरांच्या बांधावरून विजारीतला बय्यूमी येताना लांबूनच कळायचा. बायका चुलीवरून उठून हाक मारायच्या, "आहे का रे काही?" असलं तर तो हात वर करायचा. हात वर झाला नाही की बायका समजायच्या आणि आत वळायच्या.

त्या वर्षांत घरटी एक तरी माणूस इराकला नाहीतर लिबियाला कामाला गेलेला. पत्रं यायची, पण वाचणार कोण? मग बय्यूमीनंच सायकल भिंतीला टेकवायची, ओट्यावर बसायचं, काळ्या चहाचा पेला हातात घ्यायचा आणि पत्र वाचून दाखवायचं. एकदा वाचून भागायचं नाही. लांबच्या वाडीवरची म्हातारी उम्म गलाल, म्हणजे गलालची आई, तर तिसऱ्यांदा ऐकल्याशिवाय त्याला उठू देत नसे. तिच्या गलालनं न लिहिलेली एखादी ओळ, 'आईच्या हातच्या मक्याच्या भाकरीची आठवण येते' अशी, बय्यूमी आपल्या पदरची घालायचा. म्हातारी डोळे पुसायची. कुणाच्या घरात काय चाललंय ते त्याच्याइतकं गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्यातलं अक्षरही त्यानं कधी दुसऱ्या दारात नेलं नाही. या गोष्टीचा त्याला मनातून फार अभिमान होता.

पहिला ताप आला तो सत्ताविसाव्या वर्षी, उन्हाळी भातलावणीच्या दिवसांत. दुपारी घरी आला तो लंगडतच. उजव्या जांघेत लिंबाएवढं अवधाण, दुखरी गाठ, आलं होतं. संध्याकाळपर्यंत अशी हुडहुडी भरली की त्याच्या बायकोनं, इन्शिराहनं, ऐन उन्हाळ्यात त्याच्यावर दोन रजया घातल्या. जांघेपासून गुडघ्याकडे एक लाल रेघ उतरत गेली होती. तिला बोट लावू देत नव्हता. आई म्हणाली, "विजार घालून मिरवतो ना गावभर, नजर लागली." पाच दिवसांनी ताप उतरला. घोट्याला थोडी सूज राहिली, पण सकाळी झोपून उठला की तीही गेलेली असे. बय्यूमी पुन्हा सायकलवर बसला आणि सगळं विसरला.

ताप मात्र त्याला विसरला नाही. वर्षातनं दोनदा यायला लागला, मग तीनदा. दर वेळी जाताना थोडी सूज मागे ठेवून जायचा. आधी ती सकाळपर्यंत उतरायची, मग दुपारपर्यंत चढलेलीच असायची, मग उतरेनाशीच झाली. बोटानं दाबलं की पडणारा खळगा पुढे पडायचा थांबला. कातडी जाड, निबर होत चालली.

पोस्टासमोर लबीब शिंप्याचं दुकान होतं. लबीब कॉप्ट, म्हणजे तिथला ख्रिस्ती, बय्यूमीपेक्षा चार वर्षांनी मोठा, तोंडाचा फटकळ आणि हाताचा असा की सगळं गाव त्याला 'उस्ता', म्हणजे उस्ताद म्हणायचं. एका सकाळी बय्यूमी त्याच्या दुकानात शिरला आणि आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाला,

"उस्ता, विजार जरा सैल करून दे."

"कुठं सैल? पोटात? उम्म ताहा फार खाऊ घालते वाटतं." थोरला मुलगा ताहा, म्हणून इन्शिराहला सगळे उम्म ताहा म्हणत.

"उजव्या पायात."

"आणि डाव्या?"

"डावा आहे तसाच आहे."

लबीबनं चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. उठून दुकानाचं दार आतून लावलं, टेप काढली. उजव्या पोटरीचं माप घेतलं, डाव्या पोटरीचं घेतलं, पुन्हा उजवीचं घेतलं. डावी छत्तीस सेंटीमीटर, उजवी एकेचाळीस. "केव्हापासून?" एवढंच त्यानं विचारलं. मग शिवण उसवून आत एक कळी घातली, अशी बेमालूम की बघणाऱ्याला पत्ता लागू नये. मापाच्या वहीत नाव लिहिलं नाही. 'पो. उजवा' असं लिहिलं, पुढे तारीख आणि आकडा.

दर वर्षी हे व्हायला लागलं. चव्वेचाळीस. शेहेचाळीस. पन्नास. कळी रुंद होत गेली. टेप गुंडाळताना लबीब काहीतरी बोलून जायचा. "हा पाय खात्यात बढती मागणार बघ." नाहीतर, "साहेबाला सांग, याला वेगळा गणवेश मंजूर करा." दोघं हसायचे. हसून झालं की लबीब दार उघडायचा.

उपाय झाले नाहीत असं नाही. तालुक्याच्या डॉक्टरनं 'हा हत्तीपाय, याला औषध नाही' म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या रोग्याला आत बोलावलं. मग बाजाराच्या गावी एक डागणारा होता, त्याच्याकडे आईनं नेलं. त्यानं तापल्या लोखंडानं घोट्यावर तीन आणि पोटरीवर चार डाग दिले. "आतलं वाईट पाणी इथून निघून जाईल," म्हणाला, "आणि पायाला साधं पाणी अजिबात लावायचं नाही. पाणी पाण्याला बोलावतं." डाग चिघळले. बय्यूमी महिनाभर अंथरुणावर होता, आणि त्यानंतर ताप दर महिन्याला यायला लागला. तरी पाणी लावायचं नाही हे त्यानं इमानानं पाळलं. नमाजाआधी हातपाय धुताना उजव्या पायावरच्या चिंधीवरून तो नुसता ओला हात फिरवायचा. निबर कातडीला घड्या पडल्या, घड्यांतून लस झिरपू लागली, बोटांमध्ये चिखल्या झाल्या. आणि वास यायला लागला.

तो वास आधी त्याला स्वतःला कळलाच नाही. लोक पत्र घेताना हात लांब करतात, एवढंच जाणवायचं. एके दिवशी तो उम्म गलालच्या दारात सायकल टेकवत होता, तर म्हातारी आतूनच म्हणाली, "ठेव तिथं कोनाड्यात. मास्तरांची मुलगी येईल संध्याकाळी, ती वाचेल." आवाजात राग नव्हता, काही नव्हतं. बय्यूमीनं पत्र कोनाड्यात ठेवलं. बांधावर आल्यावर त्यानं वाकून पहिल्यांदा आपल्या पायाचा वास घेतला. मग तो सायकलवर बसला नाही. घरापर्यंत सायकल हातात धरून चालत आला.

त्या हिवाळ्यात पायडल मारणं अशक्य झालं, तेव्हा पोस्टमास्तरांनी त्याला आत खिडकीवर बसवलं. तिकिटं, मनिऑर्डरी, शिक्के. टेबलाआड पाय दिसत नव्हता, वाराही समोरून मागे जात होता. बय्यूमीला वाटलं, चला, पायाला विश्रांती मिळाली. पण दिवसभर पाय लोंबता ठेवून बसायचं, आणि संध्याकाळी उठायचं तर बुटात पाय मावायचा नाही. मशिदीत जायचं त्यानं सोडलं. दारात सगळ्यांबरोबर जोडे काढायचे, मग रांगेत खांद्याला खांदा, पायाला पाय लावून उभं राहायचं. शेजारचा माणूस हळूच अर्धा हात सरकतो हे त्याला दोनदा दिसलं होतं. तिसऱ्यांदा बघायची त्याची तयारी नव्हती. नमाज घरीच पडवीत व्हायला लागला. गल्लीतल्या बाया रडणाऱ्या पोरांना दटावायच्या, "गप, नाहीतर जाड्या पायाचा येईल." ते भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

पहिल्या तापाला बावीस वर्षं होऊन गेली. लबीबच्या वहीतला आकडा अठ्ठावन्नावर पोचला.

मग सन दोन हजार साली सरकारनं घरोघरी गोळ्या वाटायला सुरुवात केली. आरोग्य केंद्रातली नर्स अवातिफ सकाळपासून दारं वाजवत फिरत होती. तिशीची असेल, उन्हानं चेहरा लाल झालेला, हातात नोंदीची पाटी. नर्सला गावात 'हकीमा' म्हणत. निम्म्या घरांनी तिला दारातूनच परतवलं होतं. या गोळ्यांनी पोरं होत नाहीत अशी आवई उठली होती. बय्यूमीच्या घरी मात्र तिला बसायला चटई मिळाली.

"मला दुप्पट द्या," बय्यूमी म्हणाला.

"अम्म बय्यूमी," ती म्हणाली, तरुण माणसं त्याला अम्म, म्हणजे काका म्हणत, "मी दोन दिल्या काय, दहा दिल्या काय. ही गोळी तुमच्या पायासाठी नाही."

"मग कुणासाठी?"

"तुमच्या नातवंडांसाठी. शेजारच्यांच्या पोरांसाठी." तिनं समजावून सांगितलं. अंगात रक्ताच्या नळ्या असतात तशा आणखी बारीक नळ्या असतात, पेशींमध्ये उरलेलं पाणी उपसून वर नेणाऱ्या. डास चावतो, त्याच्यातून दोऱ्यासारखे किडे अंगात शिरतात आणि त्या नळ्यांत घर करतात. वर्षानुवर्षं राहतात. नळ्या फुगतात, निकामी होतात, पाणी वर जायचं थांबतं. "गोळीनं एकाच्या रक्तातली किड्यांची पिल्लं मरतात, म्हणजे डास ती दुसऱ्याला नेत नाही. तुमच्या पायातले किडे केव्हाच मरून गेले असतील. पण नळ्या मोडल्या त्या मोडल्या."

बय्यूमी उठला आणि आतल्या खोलीत गेला. बावीस वर्षं कुणी काही सांगितलं नाही, आणि आता सांगायला आली ती दुसऱ्यांच्या पोरांसाठी.

अवातिफ पाटी उचलून निघायला लागली, तर इन्शिराहनं तिचा हात धरला. "बस तू. उठू नकोस." आणि ती आत गेली. तिचा आवाज बाहेर ऐकू येत होता.

"बाहेर ये."

"पोरीसमोर पाय उघडा करू? लाज आहे का काही?"

"लाज? इतकी वर्षं मी तुझ्या पायाच्या चिंध्या धुतेय, अबू ताहा. रोज. कधी तोंडातून काढलं? आज एक दिवस तरी कुणीतरी मला सांगू दे, माझं काय चुकतंय ते."

 मग तो बाहेर आला, भिंतीकडे तोंड करून बाकावर बसला आणि गलाबिया गुडघ्यापर्यंत वर घेतला. डाग दिल्यानंतर, बायको आणि लबीब सोडले तर, तो पाय बघणारी ती पहिलीच.

अवातिफनं पदर नाकाला लावला नाही. खाली बसून चिंधी सोडली, टाच तळहातावर घेतली, एकेक बोट हलकेच फाकवून पाहिलं. आतली कातडी पांढरी पडून फाटली होती.

"ताप इथून आत शिरतो," ती म्हणाली.

"आई नजर म्हणायची."

"नजरच असेल, तर तीही याच फटीतून शिरते. फट बुजवायची." मग तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. "खरं सांगू? हा पाय पहिल्यासारखा होणार नाही. पण ताप थांबेल. वास जाईल. वाढायचा थांबेल, थोडा उतरेलही. याहून जास्त कुणी कबूल करत असेल, तर त्याला दारात उभं करू नका."

त्याच दुपारी तिनं इन्शिराहकडून परात मागितली, अंगाचा साधा साबण आणि माठातलं पाणी मागितलं. गरम पाणी नको म्हणाली. पाणी म्हटल्यावर बय्यूमीनं पाय आखडून घेतला. "पाणी पाण्याला बोलावतं," तो पुटपुटला.

"कुणी सांगितलं?"

त्यानं घोट्यावरचे जुने डाग दाखवले. अवातिफचा चेहरा कठीण झाला. पाणी कसं ओतायचं, साबण हातानं कसा फिरवायचा, घासायचं नाही, कातडीच्या एकेक घडीत आणि बोटांच्या बेचक्यांत बोट घालून कसं धुवायचं, ते तिनं इन्शिराहच्या हातावर हात ठेवून करून दाखवलं. परातीतलं पाणी तीनदा बदललं. मग मऊ सुती फडक्यानं टिपलं, पुसलं नाही. बेचक्यांत मलम, आणि मधे जुन्या कापडाच्या छोट्या घड्या. "नमाजाला पाच वेळा पाय धुवा. पण दर वेळी कोरडा करूनच उठा. ओला राहिला तर धुतलेलं फुकट." खाटेच्या पायथ्याखाली दोन-दोन विटा घाला. बसताना पाय वर. घोटा दिवसातून चार-पाच वेळा वर-खाली करा. अनवाणी फिरू नका. काटा टोचला, डास चावून खाजवलं, काही झालं तरी लगेच धुवा. आणि हुडहुडी भरलीच तर आडवं व्हायचं, ओलं फडकं ठेवायचं आणि तिला बोलावणं पाठवायचं. त्या दिवसांत चोळायचं नाही, बांधायचं नाही.

जाताना तिनं विचारलं, "आधी किती होता, काही अंदाज?"

"अंदाज कशाला?" बय्यूमी म्हणाला. "लबीबकडे लिहिलेलं आहे."

दुसऱ्या दिवशी ती बय्यूमीला घेऊन लबीबच्या दुकानात गेली. त्यानं मापाची वही उघडून इतक्या वर्षांचे आकडे दाखवले तेव्हा ती थक्क झाली. तिनं स्वतः टेप लावायला घेतली, तशी लबीबनं ती तिच्या हातातून काढून घेतली. "हकीमा, पडदा मापताय का? गुडघ्याच्या हाडापासून चार बोटं खाली, दर वेळी तिथंच. सुई तुम्ही टोचा, टेप माझ्याकडे राहू दे." ती हसली. लवचीक पट्टी कशी बांधायची, पावलाशी घट्ट आणि वर जाताना सैल, ते तिनं दाखवलं. लबीब ते कपाळाला आठ्या घालून बघत होता. पट्टी घसरते, गुंडाळायला वेळ लागतो, एकट्याला जमत नाही, हे त्याच्या लगेच लक्षात आलं. चार दिवसांनी त्यानं जाड सुती कापडाचं एक आवरण शिवून आणलं. आतून मऊ अस्तर, बाहेरच्या बाजूला खालपासून वरपर्यंत बंद; एकेक बंद ओढून बसल्या जागी हवा तेवढा ताण देता यायचा. अवातिफनं ते आतून-बाहेरून चाचपलं, दोन बंद सैल करायला सांगितले आणि म्हणाली, "उस्ता, दवाखान्यात या तुम्ही."

"दवाखाना सरकारी, शिलाई उधार राहते," लबीब म्हणाला.

पोस्टात समोर खोका ठेवून त्यावर पाय वर ठेवायचा म्हणजे पंचाईत होती. समोर माणूस उभा असताना त्याच्याकडे तळवा करून बसणं म्हणजे त्याचा धडधडीत अपमान. नवे पोस्टमास्तर तरुण आणि शिस्तीचे; ते पहिल्याच दिवशी ओरडले, "हे काय, कॉफीचं दुकान आहे?" लबीब तिकिटं घ्यायला आला होता, तो खिडकीतून म्हणाला, "साहेब, खोका भिंतीच्या बाजूला फिरवा. भिंत रागावली तर मी समजूत काढतो." खोका भिंतीकडे गेला आणि तिथेच राहिला.

आधी वास गेला. पंधरा-वीस दिवसांतच. इन्शिराहनं सांगितलं तेव्हा बय्यूमीला खरं वाटेना. मग एक महिना तापाशिवाय गेला, मग दुसरा. पुढच्या भातलावणीला तो रोज जांघ चाचपून बघत होता. अवधाण आलं नाही. वर्षानं लबीबनं टेप लावली, चष्मा पुसून पुन्हा लावली. त्रेपन्न. "कळी काढावी लागणार," तो म्हणाला, "माझं कापड परत दे." पण तो पाठ फिरवून कात्री शोधत राहिला.

कळी काढणं मात्र झालं नाही. त्याच हिवाळ्यात एका सकाळी लबीब मशीनवरच कोसळला आणि दुपारच्या आत गेला.

बय्यूमीनं त्या दिवशी जुने बंद बूट घातले. लबीबच्या अंत्ययात्रेला चपला घालून जाणं त्याला बरं दिसेना. चर्चमध्ये तो शेवटच्या रांगेत सगळा वेळ उभा राहिला, मग कबरस्तानापर्यंत चालला, मग तीन दिवस सांत्वनाच्या मांडवात येणाऱ्या-जाणाऱ्यांना कडू कॉफी देत राहिला. परात, साबण, फडकं, काही नाही. इन्शिराह म्हणाली, "पाय?" तो म्हणाला, "आज नको."

चौथ्या दिवशी हुडहुडी भरली. बुटानं करंगळीला घासून जखम झाली होती.

या वेळी त्याला कळत होतं काय चाललंय ते. त्यानं आवरण सोडून ठेवलं, आडवा झाला, ओलं फडकं घातलं आणि अवातिफला निरोप पाठवला. तिनं औषध सुरू केलं. तीन दिवसांत ताप उतरला. पूर्वी पंधरा-पंधरा दिवस लागायचे. पण त्या तीन दिवसांत तो लहान मुलासारखा रडला. इन्शिराहला वाटलं पाय दुखतोय. "दुखत नाही," तो म्हणाला. "आता माप कोण घेणार माझं?"

 काही महिन्यांनी आवरण विरून फाटायला आलं, तेव्हा इन्शिराहनं ते टीप न् टीप उसवलं. एकेक तुकडा चटईवर मांडला, कुठला कुठं जातो ते दोरीनं मापून घेतलं, आणि नव्या कापडाचं दुसरं शिवलं. पहिलं बिघडलं. दुसरं घोट्याशी चुणत होतं. तिसरं बसलं. लबीबची शिवण होती तशी सरळ नाही आली, तिनंच म्हटलं.

गोळ्यांची पुढची फेरी आली तेव्हा कालव्यापलीकडच्या वाड्या अजूनही दारं लावून घेत होत्या. अवातिफ बय्यूमीकडे आली. "अम्म बय्यूमी, तिथलं प्रत्येक घर तुम्हाला ओळखतं."

"प्रत्येक घरानं मला बाहेर उभं केलंय, पोरी."

"म्हणूनच म्हणते."

तो दोन दिवस विचार करत राहिला. तिसऱ्या दिवशी रजा टाकून तिच्या गाढवगाडीत बसला. भाषण त्यानं कुठंच केलं नाही. जुन्या सवयीनं दारात हाक मारायची, घरातल्या माणसांची नावं घेऊन चौकशी करायची, मग म्हणायचं, "माझ्या वेळी ही गोळी नव्हती. असती तर मी अजून सायकलवर असतो." कुणी हसलं, कुणी आतून पाणी आणलं. पोरं न होण्याची गोष्ट कुणी काढलीच, तर तो सांगायचा, "गेल्या वर्षी माझ्या सुनेनं घेतली. महिन्याभरापूर्वी जुळी झाली." ते खरं होतं. सगळ्यांनी ऐकलं नाही, पण बऱ्याच जणांनी ऐकलं.

उम्म गलाल आता पार वाकली होती. तिनं त्याला आवाजावरून ओळखलं, जवळ बसवलं, त्याच्या आईच्या आत्म्यासाठी दुवा केली. कोनाड्यातल्या पत्राचं तिच्या काही लक्षात नव्हतं. बय्यूमी घरून निघताना ते मनात घोळवत आला होता. तिच्याकडे बघितल्यावर ते काढण्यात अर्थ उरला नाही.

तिचा गलाल इराकहून कधीच परतला होता. पंचेचाळिशीचा, दारातल्या खांबाला टेकून उभा. गोळी घ्यायला तो पुढे येईना, आणि बय्यूमीच्या लक्षात आलं की तो सगळा भार डाव्या पायावर देऊन उभा आहे, आणि गलाबियाची उजवी कड मुद्दाम लांब ठेवली आहे.

"गलाल," तो हळूच म्हणाला, "वर्षातनं किती वेळा येतो?"

"काय?"

"ताप."

गलालनं आईकडे पाहिलं. म्हातारीला फारसं ऐकू येत नव्हतं. "चार वेळा," तो म्हणाला. "घरात कुणाला सांगितलेलं नाही. उन्ह लागलं म्हणतो."

"मीही उन्हच म्हणायचो. चल आत."

अवातिफ बाहेर नोंदी करत थांबली. आतल्या खोलीत गलालनं बराच वेळ गलाबिया वर घेतला नाही. बय्यूमीनं घाई केली नाही. तो भाताचा भाव विचारत राहिला, बसऱ्याच्या खजुरांबद्दल विचारत राहिला. शेवटी गलालनं कड उचलली. घोट्याची सूज अजून मऊ होती, बोटाचा खळगा पडत होता. बेचक्यांत मात्र सुरुवात झाली होती. बय्यूमीनं परात मागवली. गलाल म्हणाला, "राहू द्या, मी करतो, तुम्ही वडीलधारे." "तुला येत नाही," बय्यूमी म्हणाला, आणि आपला जड पाय बाजूला लांब करून जमिनीवर बसला.

त्यानंतर तो दर शुक्रवारी, पोस्टाच्या सुटीला, त्या वाड्यांवर जायला लागला. बसून, उठून, पुन्हा बसून, दुपारपर्यंत चार-पाच घरं. पाय लपवून बसलेली एकूण अकरा माणसं सापडली; त्यातल्या सात बाया, त्यांच्याकडे इन्शिराह गेली. दोघांनी चार दिवस धुतलं आणि सोडून दिलं. एक जण पुन्हा डागून घ्यायला गेला. बाकीचे टिकले.

पाच वर्षं गोळ्या वाटून झाल्यावर शाळेतल्या मुलांचं रक्त तपासलं. एकाच्याही रक्तात काही सापडलं नाही. अवातिफ ती बातमी सांगायला स्वतः आली. तिची बदली झाली होती, त्याच आठवड्यात जायचं होतं. इन्शिराहनं तिच्यासाठी बदकाचा रस्सा आणि मुलूखियाची पालेभाजी केली होती. बय्यूमी बातमी ऐकून म्हणाला, "अल्लाहचे उपकार," आणि बराच वेळ घास हातात धरून बसला. अवातिफनं विचारलं, "आनंद नाही झाला?"

"झाला," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू, रागही आला. एवढीशी गोळी होती."

 अवातिफनं त्याच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला, जणू घर तिचंच होतं.

साठाव्या वर्षी बय्यूमी निवृत्त झाला. पाय एकावन्नावर थांबला, त्याखाली गेला नाही. ताप दोन-तीन वर्षांतून एखादा यायचा. रोज सकाळी परात, साबण, फडकं, बंद. त्याला पाऊण तास लागायचा, आणि तो पाऊण तास टळला असं पुन्हा कधी झालं नाही. कापणीच्या दिवसांत वाड्यांवरून परतताना जळत्या पेंढ्याचा धूर बांधावर पसरलेला असायचा. खोकला यायचा, पाय भरून यायचा. मग तो कालव्याच्या कठड्यावर बसायचा, पाय वर उचलून दगडावर ठेवायचा, घोटा दहा वेळा वर-खाली करायचा. येणारा-जाणारा विचारायचा, "अम्म बय्यूमी, बरं आहे ना?" तो हात वर करून "बरं आहे" म्हणायचा, आणि दम खाऊन झाला की उठून घराकडे चालू लागायचा.